ही मी

माझं अपेंडिक्स काढलं तेव्हा
वाशीच्या हॉस्पिटलात भेटायला आलेले लोक
शहाळी आणायचे, आणि ती आई प्यायची.
"तीन रात्री डोळ्याला डोळा नाही हो," ती सांगायची.
दिंडोरकर काकू माझ्या सलाइनच्या नळीवरून हात लांबवून
तिचा खांदा थोपटायच्या.
मी एकोणीस वर्षांची, टाके मोजत पडलेली.
मलाही वाटायचं, बिचारी आई.

हे सांगते आहे बावीस वर्षांनी,
सेक्टर सतरामध्ये, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत,
तासाला बाराशे रुपये देऊन.
रात्रभर मोबाइलवर वाचून आले होते.
नार्सिसिस्टिक, म्हणाले,
पर्सनॅलिटी, म्हणाले, डिसऑर्डर.
नऊपैकी सात खुणा जुळतात, मॅडम.

केणी मॅडमनी पेनला टोपण लावलं.
"मी त्यांना भेटलेले नाही.
न भेटलेल्या माणसाला मी नाव देत नाही.
तुमचं काय झालं, ते सांगा."

तुमचं.
या शब्दापाशी मी दहा मिनिटं गप्प होते.
दोनशे रुपये.

मग सुटलंच सगळं.
दहावीच्या पेढ्यांवर ती म्हणाली, माझ्यावर गेलीये.
बारावीला गणित राहिलं, तर बापावर.
माझ्या लग्नात मेकअपवाली तिच्याकडे आधी.
आणि तिची माफी, वर्षातून एखादी,
"तुला वाईट वाटलं असेल तर
वाटून घेऊ नकोस."

नेरुळच्या तिच्या गॅलरीतून तळं दिसतं.
हिवाळ्यात तिथे फ्लेमिंगो उतरतात.
बाबा क्वचित बोलायचे, बोलले तर पक्ष्यांबद्दल.
"पिल्लू राखाडी असतं गं.
खातात त्यातून चढतो हा गुलाबी.
ते खाणं मिळालं नाही की फिके पडतात."
चहाच्या प्रत्येक कपाला 'वा' म्हणणारा माणूस.
आमटीला वा. साडीला वा.
भांडण झाल्यावर, तिचं बरोबर होतं म्हणून, वा.
मी त्यांना बावळट समजत होते.
आता कळतं, ते काय भरवत होते.

ते गेले. तेराव्याला आई म्हणाली,
"आता माझ्याकडे कोण बघणार?"
आम्ही बिचाऱ्यांनी
औषधं, डबा, वीजबिल वाटून घेतलं.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना फोटो सापडला.
चिपळूण, चौथीचा वर्ग, एकोणीसशे बासष्ट.
तिसऱ्या रांगेत कुणा मुलीची भलीमोठी रिबीन,
रिबिनीमागे कपाळाचा एक तुकडा,
आणि शाईचा बाण.
बाणापाशी लिहिलेलं: ही मी.
निब इतकी दाबलेली की फोटो उलटा केला
तरी बोटाला लागते.

मला रडू आलं.
शहाळी मात्र विसरले नाही.
दोन्ही एकाच पिशवीत घेऊन फिरते,
जड होते, हात बदलते.

रविवारी फोन करते, कुकर लावून.
तिसऱ्या शिट्टीला ठेवते.
पहिल्या शिट्टीत तिची शेजारीण जळते तिच्यावर,
दुसरीत डॉक्टर म्हणतो साठीच्या वाटत नाही,
तिसरी व्हायच्या आत कधीतरी
"तू कशी आहेस" येईल, म्हणून
मी शिट्टी जरा वाजू देते.

जानेवारीत गेले होते. पक्षी आलेले.
"फोटो काढ माझा, मागे ते येऊ देत."
काढला.
"नको, त्यांच्यात मी दिसतच नाही."
पुन्हा काढला, नुसती ती.
तिनं दोन बोटांनी मोठा केला,
चेहरा, मग गाल, मग डोळा,
मग आणखी, जिथे नुसते चौकोन उरतात तिथपर्यंत,
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाली,
"ही मी?"

हो, म्हणाले.
खाली रिक्षा उभी करून आले होते,
मीटर चालू होतं.